दहा बोरं आणि तीन विषं

पहाट फुटता फुटता, रोग्याच्या पोटात अन्नाचा कण नसताना द्यायचं हे औषध आहे. दहा मोठी, भरपूर गराची चिनी बोरं पाण्यात उकळायची. पाणी आटून निम्म्याच्या आसपास आलं की बोरं बाजूला काढायची. तीन वनस्पती वेगवेगळ्या कुटून, चाळून, समभाग मिसळलेली पूड त्या गोडसर काढ्यात कालवून पाजायची. रोगी धट्टाकट्टा असेल तर पूड एक नाणंभर, अशक्त असेल तर अर्धं नाणं. जुलाब कमी झाले आणि रोग हटला नाही, तर दुसऱ्या दिवशी अर्धं नाणं वाढवायचं. जुलाब मोकळे झाले की मात्र औषध बंद, आणि धान्याची पातळ पेज सुरू.

ही कृती सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची आहे. ती लिहून ठेवली चांग चुंग-चिंग या चिनी वैद्याने. हान राजवटीच्या शेवटच्या काळात, आजच्या हनान प्रांतात तो होऊन गेला. त्याच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत म्हटलंय की त्याचं गोत दोनशेहून अधिक माणसांचं होतं आणि इसवी सन १९६ नंतरच्या दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश माणसं दगावली, बहुतेक तापाच्या साथींनी. घरातली एवढी माणसं गमावलेल्या वैद्याने लिहिलेला हा ग्रंथ आहे, हे लक्षात ठेवून त्याच्या कृती वाचल्या की त्यांतली काटेकोर शिस्त वेगळीच जाणवते. कोणाला किती, कोणत्या वेळी, कशाबरोबर, कधी थांबायचं: एकही गोष्ट त्याने मोकळी सोडलेली नाही.

सोडणं परवडणारं नव्हतंच. बोरं वगळली तर या कृतीतल्या तिन्ही वस्तू विषारी आहेत. दोन मुळं, एक फुलाची कळी. त्यांतल्या ज्या मुळाचा मान मोठा, ते म्हणजे गान्सुई.

गान्सुईचं शास्त्रीय नाव युफोर्बिया कान्सुई. हे रोप फक्त चीनमध्ये आढळतं. शान्शी, हनान, कान्सू, निंगशिया अशा उत्तरेकडच्या कोरड्या भागांत, शेतांच्या कडेला आणि उतारांवर ते उगवतं. उंची जेमतेम हातभर. पान किंवा देठ मोडला की पांढरा चीक येतो. जमिनीखाली मात्र त्याची मुळं टोकाकडे जागोजाग फुगलेली असतात, मध्ये मध्ये आवळलेली. वसंतात फूल येण्याआधी किंवा शरदाच्या अखेरीस वरचा भाग सुकल्यावर ती खणतात, तपकिरी साल खरवडून काढतात आणि वाळवतात. बाजारात येतो तो पिवळट पांढरा, बोटाच्या पेराएवढा किंवा त्याहून लहान तुकडा. चवीला आधी किंचित गोड आणि मग बराच वेळ जिभेवर चरचरत राहणारा.

युफोर्बिया ही प्रजाती मराठी माणसाला अनोळखी नाही. कुंपणाला लावलेला शेर, माळावरचा त्रिधारी निवडुंग, नाताळच्या दिवसांत कुंड्यांमधून लाल होणारी पॉइन्सेटिया हे सगळे याच प्रजातीचे. (फड्या निवडुंग त्यांतला नव्हे, ते अमेरिकेतून आलेलं वेगळ्या कुलाचं झाड आहे.) शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं, हे गुरांमागे हिंडलेल्या पोरांना सांगावं लागत नाही. गान्सुईचं मूळ पोटात गेल्यावर काय करत असेल, याचा अंदाज तिथूनच बांधता येतो.

ते नेमकं काय करतं हे समजून घ्यायचं तर आतड्याचा रोजचा हिशेब माहीत हवा. आपण दिवसाकाठी साधारण दोन लिटर द्रव पितो-खातो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्राव मिळून आणखी सातेक लिटर ओतले जातात. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यातून जातो आणि त्यातला जवळपास सगळा शरीर परत शोषून घेतं. विष्ठेतून बाहेर पडतो तो पाव लिटरही नसतो. या एवढ्या मोठ्या देवघेवीत आतड्याचं अस्तर खवळलं, स्राव वाढले, हालचाल वेगाने होऊ लागली आणि शोषून घ्यायला वेळच उरला नाही, तर काही तासांत काही लिटर पाणी शरीराबाहेर जाऊ शकतं. गान्सुई तेच घडवून आणतं. पोटात मुरडा, मळमळ, आणि मग पाण्यासारखे जुलाब.

चांग चुंग-चिंगला हे पाणी कुठून काढायचं होतं? त्याचे रोगी होते छातीत पाणी झालेले, खोकताना बरगड्यांखाली कळ येणारे, पोट फुगून ताणलेले. आज आपण ज्याला फुप्फुसाच्या आवरणातलं पाणी किंवा जलोदर म्हणतो तेच बहुतेक. आतड्यातून पाणी गेलं की रक्तातलं पाणी घटतं, रक्त दाट होतं, आणि मग जिथे नको तिथे साचलेलं पाणी हळूहळू रक्तात परत ओढलं जातं. छातीतल्या पाण्याला आतड्याची वाट दाखवायची, अशी ही युक्ती. ती खोटी नाही. चीनपुरती मर्यादितही नाही. मूत्रपिंडाकरवी पाणी काढणारी खात्रीची औषधं येईपर्यंत युरोपातले डॉक्टरही सूज आणि जलोदरावर जालप, इलाटेरियम यांसारखे जबर जुलाब देत होते. पाऱ्याची मूत्रल इंजेक्शनं १९२० च्या सुमारास आली, आणि फ्युरोसेमाइडसारखी आज सर्रास दिली जाणारी गोळी १९६० च्या दशकातली. त्याआधी साचलेलं पाणी काढायला वैद्याच्या हाती होती मुख्यतः एक सुई आणि एक जुलाब.

पण या युक्तीत मोठा धोका दडलेला आहे. मूत्रपिंड पाणी सोडताना बरंच काही निवडून सोडतं आणि निवडून राखतं. आतडं खवळल्यावर निवड करत नाही. पाण्याबरोबर सोडियम जातं, पोटॅशियम जातं. पोटॅशियम फार घटलं तर हृदयाचा ताल बिघडतो. दुसरं असं की पोटात साचलेलं पाणी रक्तात परत येण्याचा वेग ठरलेला आहे. यकृताच्या जलोदरात तो दिवसाला अर्धा ते एक लिटरच्या आत-बाहेर असतो. त्याहून जास्त पाणी एका दिवसात काढलं तर वरचं सगळं रक्तातून जातं. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंड थकतं, रोगी भ्रमिष्ट होतो. म्हणूनच आजचे डॉक्टर पायांना सूज नसलेल्या जलोदराच्या रोग्याचं वजन औषधाने दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू देत नाहीत. अशक्ताला अर्धंच नाणं द्यावं, हा हान काळातल्या वैद्याचा नियम याच अनुभवातून आलेला असणार. त्याच्यापुढे पोटॅशियमचा आकडा नव्हता. त्याच्यापुढे होते कोसळणारे रोगी.

ते नाणंही पाहण्यासारखं आहे. हान काळात चालणारं वू-चू हे तांब्याचं नाणं, मधोमध चौकोनी भोक. पुडीत नाणं खुपसून वर उचलायचं. न सांडता त्यावर जेवढी पूड राहील ते एक माप. नंतरच्या अभ्यासकांनी ते दीड-दोन ग्रॅमच्या आसपास धरलंय. आता आजच्या चिनी औषधकोशाशी हे ताडून पाहा. त्यात गान्सुईची मात्रा आहे अर्धा ते दीड ग्रॅम, तीही शोधन केलेल्या मुळाची, आणि बहुधा पूड किंवा गोळीच्या रूपात. चांगच्या एका नाण्यात तीन औषधं समभाग होती, म्हणजे गान्सुई त्यात अर्ध्या-पाऊण ग्रॅमपेक्षा जास्त नसणार. अठराशे वर्षांत सुरक्षित मात्रेची कड फारशी हललेली नाही, हे मला या साऱ्या गोष्टीतलं सर्वांत थक्क करणारं वाटतं.

पूड का, काढा का नाही, यालाही कारण आहे. चिनी वैद्यकात बहुतेक औषधं उकळून काढा करून देतात. गान्सुईचा जुलाबी अंश मात्र पाण्यात फारसा विरघळत नाही. मूळ उकळून पाणी प्यायलं तर गुण येत नाही, आणि गुण येत नाही म्हणून कोणी मुळं वाढवत गेला तर पुढे काय होईल हे सांगता येत नाही. म्हणून बोरांचा काढा वेगळा, आणि तिन्ही विषांची पूड वेगळी. बोरं कशासाठी? चिनी वैद्यांच्या मते ती पोटाला आधार देतात आणि विषाची धार कमी करतात. (ही बोरं आपल्या बोरीच्याच प्रजातीतली, झिझिफस जुजुबा, आकाराने मोठी आणि सुकवल्यावर खजुरासारखी दिसणारी.) या कृतीला चिनी वैद्यकात नाव पडलं ते त्या दहा बोरांवरूनच, विषांवरून पडलं नाही.

गान्सुईच्या जोडीदाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण विषारी औषधात नावाचा घोळ किती महागात पडतो हे त्यातून कळतं. कृतीतलं दुसरं मूळ आहे दाची, तेही युफोर्बियाच, पेकिनेन्सिस जातीचं. पण चिनी बाजारात दाची या नावाने दीर्घकाळ एक दुसरंच लालसर मूळ विकलं गेलं, नॉक्सिया नावाच्या प्रजातीचं, जी कॉफी आणि मंजिष्ठेच्या कुलातली आहे. दोघांचं रसायन वेगळं, ताकद वेगळी. आता औषधकोशात दोघांना स्वतंत्र नावं आणि स्वतंत्र नोंदी आहेत. चिनी परंपरेत शांग-लू नावाचं आणखी एक जुलाबी मूळ आहे. ते दिसायला जिनसेंगच्या जवळ जातं. शक्तीसाठी जिनसेंग म्हणून ते उकळून खाल्लेली माणसं चीनमध्ये रुग्णालयात पोचत आलेली आहेत.

चीनच्या सर्वांत जुन्या औषधग्रंथात, शन्-नुंग या पौराणिक सम्राटाच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या संहितेत, ३६५ द्रव्यांच्या तीन प्रती केल्या आहेत. वरच्या प्रतीतली १२० रोज खाण्याजोगी, मधली १२० जपून वापरायची, आणि खालची १२५ रोग हाकलण्यापुरती, फार दिवस न घेण्याची. गान्सुई तिथे खालच्या प्रतीत आहे. १५९६ मध्ये छापून निघालेल्या ली शिह-चन् याच्या प्रचंड औषधकोशात ते विषारी वनस्पतींच्या भागात येतं, आणि तोही बजावतो की पाणी काढण्यात याचा हात कोणी धरणार नाही, पण रोगाला लागू पडलं की तिथेच थांबायचं.

मात्रेच्याही आधी येतं शोधन. इथे मला या परंपरेचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं. औषधं तयार करण्याच्या जुन्या चिनी ग्रंथात गान्सुईसाठी सांगितलंय: ज्येष्ठमधाचा काढा आणि दुसऱ्या एका वनस्पतीचा रस यांत मुळं तीन दिवस भिजवा. पाणी काळंभोर होतं. मग वाहत्या पाण्यात सहा-सात वेळा धुवा, पाणी निवळ येईपर्यंत. पुढच्या काळात कणकेच्या गोळ्यात गुंडाळून निखाऱ्यावर भाजण्याची रीत आली. आज औषधकोशाने मान्य केलेली रीत आहे शिरक्याची: शंभर किलो मुळांना तीस किलो धान्याचा शिरका लावून, तो आत जिरेपर्यंत ठेवून, मंद आचेवर कोरडं होईतो परतायचं. शिरक्याच्या आम्लाने आणि आचेने मुळातली काही दाहक संयुगं मोडतात किंवा घटतात. जुलाबाची ताकद उतरते, पण पूर्ण जात नाही. इतकंच हवं असतं.

आता एक कोडं. शोधनात ज्येष्ठमध वापरा म्हणणाऱ्या परंपरेनेच पुढे गान्सुई आणि ज्येष्ठमध एकत्र द्यायला सक्त मनाई केली. कोणतं औषध कोणाशी वैर धरतं, अशा अठरा विरोधी जोड्यांची एक यादी चिनी वैद्यकात पाठ करून घेतली जाते. तिची लोकप्रिय पद्यरचना चांग त्सुंग-चंग याच्या ग्रंथातून आली. हा बाराव्या-तेराव्या शतकातला वैद्य घाम, वांती आणि जुलाब या तीन मार्गांनी रोग बाहेर काढण्याचा कट्टर पुरस्कर्ता. रोग हा शरीराचा घरचा नव्हे, बाहेरून घुसलेला आहे, आधी त्याला हाकला आणि पोषणाचं काम अन्नावर सोपवा, असं त्याचं म्हणणं. जुलाबावर एवढा विश्वास असलेल्या माणसाच्या ग्रंथातली यादीही बजावते की गान्सुईबरोबर ज्येष्ठमध नको. ज्येष्ठमध हे चिनी वैद्यकातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध. चांग चुंग-चिंगच्या तापावरच्या ग्रंथातल्या निम्म्याहून अधिक कृतींत ते आहे. त्यामुळे ही मनाई रोजच्या कामातली आहे. गंमत अशी की खुद्द चांग चुंग-चिंगच्याच एका कृतीत गान्सुई आणि ज्येष्ठमध शेजारी शेजारी आहेत, मधासह.

या कोड्यावर चीनमध्ये प्राण्यांवर पुष्कळ प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. ज्येष्ठमधाचं प्रमाण गान्सुईच्या तुलनेत वाढत गेलं की विषारीपणा वाढतो, असं काहींत दिसलं. मला स्वतःला मनाईमागचं एक कारण शरीरक्रियेतच स्पष्ट दिसतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, आणि लघवीवाटे पोटॅशियम घालवतं; जास्त ज्येष्ठमध खाणाऱ्यांचा रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. एकीकडे गान्सुई पाणी काढतंय, तिकडे ज्येष्ठमध ते अडवतंय, आणि पोटॅशियम मात्र दोन्ही वाटांनी जातंय. सुजलेल्या, थकलेल्या रोग्याला अशी जोडी घातक ठरू शकते हे कोण्या वैद्याने डोळ्यांनी पाहिलं असेल आणि शिष्यांना पाठ करायला लावलं असेल, तर त्याने योग्यच केलं.

आयुर्वेद वाचलेल्या माणसाला हे सगळं वाचताना आपल्याकडची विरेचनाची प्रकरणं आठवल्याशिवाय राहत नाहीत. चरकसंहितेत जुलाबाच्या औषधांची प्रतवारी आहे: सुखाने विरेचन करवणारं निशोत्तर, मृदू विरेचनासाठी बहावा, आणि तीक्ष्णांत अग्रेसर स्नुहीचा चीक. स्नुही म्हणजे निवडुंगच, युफोर्बिया नेरिफोलिया, गान्सुईचं सख्खं गोत. कल्पस्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. एरंड कुलातलंच दंतीचं मूळही तिथे येतं, आणि त्याचं शोधन असं: पिंपळी आणि मधाचा लेप द्यायचा, कुशगवतात गुंडाळून वरून माती लावायची, वाफवायचं आणि उन्हात वाळवायचं. कणकेत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेल्या गान्सुईच्या शेजारी ही कृती ठेवून पाहावी. उदररोगात चरक रोजच्या विरेचनाचा मार्ग सांगतो. विरेचनानंतर पुन्हा जेवणावर येताना पेया, मग विलेपी, मग यूष अशी पायरीपायरीची चढण आहे. तिची पहिली पायरी, पातळ पेज, चांग चुंग-चिंगच्या कृतीतही शेवटी आहेच. गर्भिणी, बालक, वृद्ध आणि क्षीण रोगी यांना जबर विरेचनापासून दोन्ही परंपरा दूर ठेवतात. लिपी वेगळी, देव वेगळे, पण जुलाबाने गळालेलं शरीर दोन्हीकडे एकच मागत होतं.

हे सगळं झालं अनुभवाचं ज्ञान. त्या मुळात नेमकं काय आहे, याचा शोध लागायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि त्याची सुरुवात झाली गान्सुईच्या एका चुलत्यापासून: जमालगोट्यापासून. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये आयझॅक बेरेनब्लम उंदरांच्या कातडीवर प्रयोग करत होता. कर्करोग घडवणारं रसायन अगदी थोडं लावलं तर बहुधा काही होत नसे. पण त्याच जागी पुढे वारंवार जमालगोट्याचं तेल लावलं की गाठी उठत. तेल एकटं लावलं तर गाठी जवळजवळ येत नसत. म्हणजे ते तेल ठिणगी टाकत नव्हतं, फुंकर घालत होतं. पुढे हायडेलबर्गमध्ये एरिख हेकरने त्या तेलातली फोर्बोल संयुगं वेगळी केली, आणि युफोर्बियाच्या चिकातून त्यांचं भावंड शोधलं, त्याचं नाव इंजेनॉल. गान्सुईच्या मुळात या इंजेनॉलचीच अनेक रूपं आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एका घराण्यातली कान्सुईनीन नावाची संयुगं आहेत. ती १९७० च्या दशकात जपानी रसायनशास्त्रज्ञांनी वेगळी केली.

ही संयुगं पेशीत काय करतात याचं उत्तर कोबे विद्यापीठातल्या यासुतोमी निशिझुका यांच्या कामातून आलं. पेशीत प्रोटीन कायनेज सी नावाची विकरं असतात. बाहेरून काही निरोप आला की पेशी डायअॅसिलग्लिसरॉल नावाचा एक रेणू क्षणभर तयार करते, तो या विकराला जागं करतो, काम होतं आणि तो रेणू मोडून टाकला जातो. १९८२ मध्ये निशिझुकांच्या गटाने दाखवलं की फोर्बोल संयुगं थेट याच विकराला जाऊन चिकटतात. फरक एवढाच की ती लवकर मोडत नाहीत. दारावरची बेल एकदा वाजवून बोट काढून घेतलं तर घरातलं माणूस येऊन दार उघडतं; कोणी ती दाबूनच धरली तर घरात गोंधळ उडतो. पेशीतही तसंच: दाह सुरू होतो, स्राव वाढतात, पेशी विभागत राहतात. इंजेनॉलची संयुगं हेच करतात. आतड्यात त्याचा अर्थ जुलाब, कातडीवर त्याचा अर्थ फोड, आणि वर्षानुवर्षं लागत राहिलं तर कर्करोगाला फुंकर.

इथे ली शिह-चन्‌चा इशारा आठवतो, कारण याच इंजेनॉलचं एक रूप आधुनिक औषध म्हणून बाजारात आलं तेव्हाही प्रश्न मात्रेचा आणि थांबण्याचाच होता. ऑस्ट्रेलियात युफोर्बिया पेप्लस नावाच्या एका तणाचा चीक उन्हाने कातडीवर आलेल्या खरखरीत चट्ट्यांना लावण्याची घरगुती रीत होती. त्या चिकातलं इंजेनॉल मेब्युटेट हे संयुग वेगळं करून मलम तयार झालं, आणि जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. चेहऱ्यासाठी औषधाचं प्रमाण होतं ०.०१५ टक्के, फक्त तीन दिवस, अंगासाठी ०.०५ टक्के, फक्त दोन दिवस. वनस्पतीतून हे संयुग इतकं थोडं मिळतं की ते कृत्रिमरीत्या बनवण्यासाठी नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी वर्षं खर्च केली. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फिल बॅरन यांच्या गटाने टर्पेंटाइनमध्ये सापडणाऱ्या एका साध्या रेणूपासून चौदा पायऱ्यांत इंजेनॉल बांधून दाखवलं. सुंदर काम होतं ते. पण मलम वापरलेल्या रोग्यांवर नजर ठेवल्यावर उपचार केलेल्या जागी कातडीचे कर्करोग जास्त दिसू लागले. जानेवारी २०२० मध्ये युरोपीय औषध संस्थेने त्याचा वापर स्थगित केला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने तिथली परवानगी परत केली. बेरेनब्लमच्या उंदरांनी जे ऐंशी वर्षांपूर्वी सांगितलं होतं, ते दोन-तीन दिवसांच्या मात्रेच्या बाबतीतही विसरून चालणार नव्हतं.

तरीही ही संयुगं संशोधकांना सोडवत नाहीत, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही. १९९१ मध्ये गान्सुईतून मिळालेल्या कान्सुइफोरिन नावाच्या दोन संयुगांनी उंदरांतल्या रक्ताच्या कर्करोगाविरुद्ध जोरदार परिणाम दाखवला. एचआयव्हीच्या बाबतीतला प्रश्न तर आणखी वेधक आहे. औषधांनी विषाणू रक्तातून नाहीसा होतो, पण काही पांढऱ्या पेशींच्या जनुकांत तो झोपून राहतो आणि औषध थांबलं की उठतो. त्याला मुद्दाम जागं करून मग मारायचं, अशी एक कल्पना आहे. आणि प्रोटीन कायनेज सी जागं करणारी द्रव्यं त्या झोपलेल्या विषाणूलाही जागं करतात. २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी गान्सुईची पूड प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये हे काम करते असं प्रसिद्ध केलं. ज्या दाहकपणामुळे हे मूळ विष ठरतं, तोच इथे कामाला लावायचा आहे. पेशींच्या तबकडीतून माणसाच्या शरीरापर्यंतचा रस्ता मात्र लांब असतो, आणि गान्सुईसारख्या द्रव्यासाठी तो लांबच असावा.

चीनमधल्या रुग्णालयांत गान्सुई आजही आहे. तिएनचिनमधल्या नान्काय रुग्णालयात वू श्येन-चुंग या शल्यविशारदाने पोटाच्या तातडीच्या आजारांवर चिनी आणि पाश्चात्त्य उपचार एकत्र करण्याची जी परंपरा घातली, तिच्यात आतड्याचा अडथळा सोडवण्यासाठी गान्सुई असलेलं औषध नळीवाटे दिलं जात असे. शल्यक्रियेची तयारी शेजारी ठेवून. कर्करोगाने पोटात पाणी झालेल्या रोग्यांच्या बेंबीवर गान्सुईच्या पुडीचा लेप देण्याची पद्धतही चालू आहे. या उपचारांमध्ये एक गोष्ट समान आहे: शेजारी डॉक्टर आहे, रक्ताची तपासणी आहे, शिरेत लावायची सलाइन आहे. हे नसताना, इंटरनेटवर नाव वाचून किंवा 'वनस्पतीच आहे, काय होणार' असं म्हणून यकृताच्या रोग्याने असं मूळ घेणं म्हणजे जिवाशी खेळणं. आपल्याकडच्या जमालगोट्याच्या गोळ्यांनाही हे तितकंच लागू आहे. भारतीय औषध नियमांच्या ई(१) या अनुसूचीत जयपाळ (म्हणजे जमालगोटाच), दंती, वत्सनाभ, कुचला, धोतरा अशा आयुर्वेदीय द्रव्यांची यादी आहे; ती पोटात घ्यायच्या औषधात असतील तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. हा इशारा वाचूनही दुर्लक्ष करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेचसे आधीच आजारी असलेले असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चीनने १९८८ मध्ये विषारी औषधांसाठी वेगळे नियम केले. त्यांत पारंपरिक द्रव्यांची जी अठ्ठावीस नावं आहेत त्यांत सोमल आणि पारा आहे, कच्चा कुचला आणि कच्चा बचनाग आहे, कच्चा जमालगोटा आहे, धोतऱ्याचं फूल आहे, आणि कच्ची गान्सुई आहे. यांतलं औषध रोग्याला देताना डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी लागते, एका चिठ्ठीवर दोन दिवसांच्या कमाल मात्रेपेक्षा जास्त देता येत नाही, आणि ती चिठ्ठी दुकानाला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. डॉक्टरने चिठ्ठीवर 'कच्ची' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर औषध देणाऱ्याने शोधन केलेलीच द्यायची, असाही नियम त्यात आहे.